होरा : अंदाज की पंचांगातली वेळ?

प्रश्न : ‘माझा असा होरा आहे’ यातला होरा म्हणजे अंदाज. पंचांगात मात्र ‘गुरूची होरा’ असते. शब्द एकच का? (वाचक, मिरज)

उत्तर : एकच, आणि मुळात ग्रीक. तिकडे ‘होरा’ म्हणजे तास. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, फलज्योतिषाबरोबर तो भारतात आला. जन्मवेळेवरून फळ सांगायचं ते होराशास्त्र. त्यावरून मराठीत होरा म्हणजे भाकीत आणि पुढे नुसता अंदाज. पंचांगातली होरा मात्र तासच, एकेका ग्रहाच्या नावावरचा. राशीच्या अर्ध्या भागालाही, म्हणजे १५ अंशांनाही, होराच म्हणतात.

ज्योतिषी वराहमिहिराने ‘बृहज्जातक’ या ग्रंथात काहींचं मत नोंदवलंय : ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की ‘होरा’ उरतं. जुळणी सुरेख आहे, पण आम्हाला ती मान्य नाही. हा शब्द एकटा आलेलाच नाही. केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र, द्रेष्काण या फलज्योतिषातल्या संज्ञा, ही सगळी मंडळी त्याच वाटेने ग्रीकमधून आली.

प्रश्न : होरा मोजतात कशी?

उत्तर : सूर्योदयापासून. पहिली होरा त्या वाराच्या ग्रहाची. पुढे क्रम रवि, शुक्र, बुध, चंद्र, शनि, गुरू, मंगळ आणि पुन्हा रवि. गुरुवारी पहिली गुरूची, दुसरी मंगळाची, तिसरी रवीची.

या क्रमातच वारांचं कोडं सुटतं. २४ होरांत सातांच्या तीन फेऱ्या होतात, तीन होरा उरतात. रविवारी त्या रवि, शुक्र, बुध यांच्या. म्हणून पंचविसावी, दुसऱ्या दिवशीची पहिली, चंद्राची. तोच सोमवार. आर्यभटाने हा नियम इ.स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त दिला आहे.

चुका बहुतेक सुरुवातीलाच होतात. मध्यरात्रीपासून मोजलं तर सगळंच बिघडतं. मुंबईचा सूर्योदय नागपूरला लावू नका. दोन्ही शहरांत सव्वासहा अंश रेखांशांचं अंतर आहे, म्हणजे साधारण २५ मिनिटांचा फरक. शिवाय पद्धती दोन : कुणी सरसकट ६० मिनिटं धरतात, कुणी दिनमान (सूर्योदय ते सूर्यास्त) आणि रात्रिमान (सूर्यास्त ते सूर्योदय) यांचे प्रत्येकी बारा भाग करतात. दिनमान १३ तासांचं असेल तर दिवसाची होरा ६५ मिनिटांची, रात्रीची ५५. एका पंचांगाचं कोष्टक आणि दुसऱ्या पद्धतीचं गणित एकत्र केलं, की दुपारपर्यंत होरा अर्ध्या तासाने सरकलेली असते.