माईकपुढची नोकरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत स्थानिक रेडिओ केंद्रांवरच्या आरजेंची पत्रं सर्वांत जास्त होती. कोणाच्या केंद्रावर कपात झाली आहे, कोणाचा शो आता परस्पर तीन शहरांत वाजतो, तर कोणाच्या नव्या करारात आवाजाबद्दलचं न कळणारं कलम आलं आहे. एकाच विषयाची पत्रं आम्ही एकत्र केली आहेत.

आमच्या केंद्राचे श्रोते टिकून आहेत, जाहिरातीही बऱ्या आहेत. तरी चार आरजे कमी केले. असं का होतं?

कारण निर्णय तुमच्या केंद्राचा जमाखर्च पाहून झालेला नसतो. ट्रान्समीटरची वीज, टॉवर, परवाना हे खर्च श्रोते वाढोत की घटोत, तसेच राहतात. समूहाच्या मुख्य कार्यालयाला पैसे वाचवायचे असले की लगेच कमी करता येईल असा एकच मोठा आकडा समोर असतो, तो पगाराचा. एकाच मालकाकडे पन्नास केंद्रं असतील, तर पन्नास आरजेंच्या जागी एकाचा आवाज पाठवण्याचा मोह होतोच.

हे अमेरिकेत सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे एका मालकाला देशभरात जास्तीत जास्त ४० केंद्रं ठेवता येत होती, २० एएम आणि २० एफएम. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्टने ही मर्यादा उठवली आणि काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रं गेली. २००८ मध्ये तिची विक्री प्रचंड कर्ज काढून झाली. पुढे आयहार्टमीडिया हे नाव घेतलेल्या या कंपनीने मार्च २०१८ मध्ये २० अब्ज डॉलरच्या कर्जापायी दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि जानेवारी २०२० मध्ये मोठी कपात केली. तारीख लक्षात घ्या, तेव्हा कोविडची टाळेबंदी सुरूही झाली नव्हती.

ब्रिटनमध्ये नियम सैल झाले. दिवसाच्या वेळात ७ तास स्थानिक निवेदन हवं ही अट २०१८ मध्ये ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाने, ३ तासांवर आणली. पुढच्याच वर्षी हार्ट नेटवर्कने गावोगावचे सकाळचे शो बंद करून लंडनहून एकच शो सुरू केला. सार्वजनिक रेडिओही यातून सुटला नाही. २०२३ पासून बीबीसीच्या इंग्लंडमधल्या ३९ स्थानिक केंद्रांवर आठवड्याच्या दिवशी दुपारी २ नंतर बरेचसे कार्यक्रम सामायिक झाले.

तेव्हा नोकरी गेली म्हणजे काम वाईट होतं, असा अर्थ कृपया लावून घेऊ नका.

मला आता माझ्या शोबरोबर आणखी दोन शहरांसाठी व्हॉइस ट्रॅकिंग, म्हणजे निवेदन आधीच रेकॉर्ड करून ठेवायला, सांगितलं आहे. चार तासांचा शो तासाभरात कसा होतो? कुठे फसायला होतं?

लाइव्ह शोमधली गाणी, जाहिराती, जिंगल आणि स्वीपर (केंद्राची ओळख सांगणारे छोटे तुकडे) आपोआप प्रसारण चालवणाऱ्या ऑटोमेशन सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये, म्हणजे काय कधी वाजणार याच्या यादीत, आधीच रांगेत असतात. व्हॉइस ट्रॅकिंगमध्ये तुम्ही फक्त दोन घटकांमधली लिंक, म्हणजे बोलण्याचा तुकडा, भरता. पडद्यावर आधीच्या गाण्याचा शेवट आणि पुढच्या गाण्याची सुरुवात दिसते. पहिलं गाणं उतरतं, तुम्ही बोलता, आणि पुढच्या गाण्यात गायकाचा आवाज सुरू होण्याआधी थांबता. तासाला ५ लिंक धरल्या तर चार तासांच्या २०. प्रत्येक लिंक २५ सेकंदांची असेल तर प्रत्यक्ष बोलणं साडेआठ मिनिटांच्या आत. ऐकणं, चुका, पुन्हा घेणं मिळून तास लागतो. यात तयारी धरलेली नाही. अनोळखी शहरासाठी रोज किमान पाऊण तासाची तयारी लागते आणि कामाच्या वेळेत बहुतेक ठिकाणी नेमकी तीच मोजत नाहीत. ती मोजून घ्या. वरिष्ठांना आठवड्याचा हिशेब लिहून द्या : शहरागणिक लिंक, तयारी, रेकॉर्डिंग, दुरुस्त्या.

सर्वांत जास्त घोटाळा लॉग बदलल्यामुळे होतो. तुम्ही दुपारी रेकॉर्ड करता, संध्याकाळी जाहिरात विभाग एक जाहिरात वाढवतो, सॉफ्टवेअर एक गाणं गाळतं, आणि तुमचा आवाज भलत्याच गाण्याची ओळख करून देतो. यावर उपाय असा की लॉग अंतिम झाल्याची लेखी सूचना आल्याशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही. पुढच्या गाण्याचं नाव प्रत्येक लिंकमध्ये घ्यायचं नाही. तासातून दोनदा पुरे, आणि तेही जाहिरातींच्या गटाला लागून नसलेल्या जागी.

दुसरा धोका वेळेचा. ‘आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत’, ‘बाहेर छान ऊन पडलंय’ अशी वाक्यं ट्रॅकमध्ये नकोतच. हवामान आणि वाहतूक वेगळ्या, रोज बदलणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक ट्रॅकला वैधतेची वेळ घाला, म्हणजे मुदत उलटल्यावर सॉफ्टवेअर तो वाजवणारच नाही. बऱ्याच प्रणालींत ही सोय असते आणि बऱ्याच केंद्रांत ती कोणी वापरत नाही. परिणामी सुट्टीच्या दिवशी मागच्या आठवड्याचा शो वाजतो.

तिसरी गोष्ट उच्चारांची. शहरातल्या चौकांची, शाळांची, मैदानांची नावं चुकली की श्रोत्याला पहिल्या वाक्यात कळतं की हा माणूस इथला नाही. त्या शहरातल्या सहकाऱ्याकडून शंभरेक नावं फोनवर म्हणवून घ्या आणि ती फाइल जवळ ठेवा. आपण तिथेच बसलो आहोत असं भासवू मात्र नका. ‘आज सकाळी मी त्या रस्त्याने येत होतो’ हे खोटं उघडं पडलं की त्या शहरात तुमच्या खऱ्या बोलण्यालाही किंमत उरत नाही.

शेवटचं आणि सर्वांत गंभीर : शो वाजत असताना शहरात दुर्घटना घडली तर तुमचा हसरा ट्रॅक कोण थांबवणार? त्या माणसाचं नाव आणि नंबर ठरल्याशिवाय दुसऱ्या शहराचा शो स्वीकारू नका.

नव्या करारात ‘आवाज, प्रतिमा व त्यांवर आधारित कोणतीही निर्मिती, सध्या ज्ञात अथवा भविष्यातील कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी’ असे हक्क कंपनीकडे जातील असं लिहिलं आहे. हे एआयसाठी आहे का? सही करावी का?

असं कलम एआय येण्याआधीही करारांत असायचं, जुने शो पुन्हा वाजवण्यासाठी. पण ‘त्यांवर आधारित निर्मिती’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे शब्द एकत्र आले की तुमच्या आवाजाची कृत्रिम नक्कल त्यात बसवता येते. आहे तसं सही करू नका.

नक्कल करायला आज फार साहित्य लागत नाही. मिनिटभराच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणावरून कामचलाऊ आवाज तयार होतो, आणि अर्ध्या तासाहून जास्त मिळालं तर बराच पटणारा. केंद्राकडे तर तुमचे शेकडो तास पडून आहेत.

हे प्रत्यक्षात घडूनही गेलं आहे. अमेरिकेत पोर्टलंडच्या लाइव्ह ९५.५ ने २०२३ मध्ये आपल्याच दुपारच्या निवेदिकेच्या आवाजाची एआय आवृत्ती प्रसारणात आणली. पोलंडमध्ये ऑफ रेडिओ क्राकूफ या केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन कृत्रिम निवेदक बसवले आणि २०१२ मध्ये निधन झालेल्या कवयित्री विस्वावा शिम्बोर्स्का यांची ‘मुलाखत’ही वाजवली, एवढा विरोध झाला की आठवड्याभरात प्रयोग थांबवावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या काडा केंद्रावर ‘थाय’ नावाची निवेदिका काही महिने रोज शो करत होती. ती एआय आहे आणि आवाज कंपनीच्या वित्त विभागातल्या एका कर्मचाऱ्यावरून घेतला आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये उघड झालं. श्रोत्यांना सांगितलं नव्हतं, ही आमच्या मते यातली सर्वांत वाईट बाब.

करारात पुढील मजकूर मागा : ‘निवेदकाच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण केवळ या करारात नमूद केलेल्या केंद्रांच्या प्रसारणासाठी व त्याच्या प्रसिद्धीसाठी वापरलं जाईल. त्यावरून कृत्रिम आवाज तयार करणं, असा आवाज प्रशिक्षित करणं किंवा तिसऱ्या पक्षाला ध्वनिमुद्रण देणं यासाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र लेखी संमती व स्वतंत्र मोबदला लागेल. करार संपल्यापासून ३० दिवसांत असा आवाज व त्याच्या सर्व प्रती नष्ट करून तसं लेखी कळवलं जाईल.’

कंपनी नक्कल करणारच असेल आणि तुमची तयारी असेल, तर निदान चार गोष्टी लिहून घ्या. कोणत्या केंद्रांवर वाजणार, किती महिने, मजकूर प्रसारणाआधी तुम्हाला दाखवणार का, आणि राजकीय प्रचार, औषधं, कर्ज, जुगार यांच्या जाहिराती त्या आवाजात होणार नाहीत. मोबदला एकरकमी घेऊ नका, प्रसारित तासांवर घ्या. कंपनीने पाठवलेला करार वकिलाला दाखवायला किमान एक आठवडा मागा. आजच सही करा म्हणणाऱ्याला घाई का आहे, हेही विचारा.

घरून शो करतो. माईक स्टुडिओतलाच आहे, तरी आवाज पोकळ येतो.

दोष खोलीचा आहे. उघड्या भिंती आणि फरशीवरून आवाज परत येतो. बोलताना तुमच्या पाठीमागची बाजू आधी झाका, कारण माईकचं तोंड तिकडे असतं : जाड गोधड्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांची मांडणी. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. डायनॅमिक माईक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, थोडा तिरका ठेवा. शुअर एसएम७बी सारख्या माईकला ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाजाची वाढ) लागतो; माईक संगणकाला जोडणारा इंटरफेस तेवढा देत नसेल तर सूं असा आवाज वाढतो आणि मधे बूस्टर लागतो.

पातळी अशी ठेवा की मोठ्यांदा बोलताना शिखर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. फाइल वेव्ह स्वरूपात द्या. कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन) अगदी हलका ठेवा, कारण केंद्राचा प्रोसेसर पुढे आणखी दाबणारच आहे. दोन्हीकडे दाबलं की श्वास शब्दांइतके मोठे होतात. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअरं जोरात लावली तर शब्दांची टोकं खाल्ली जातात.

लाइव्ह असाल तर वायफाय टाळा, केबल लावा. केंद्राकडून परत येणाऱ्या आवाजातून तुमचा स्वतःचा आवाज वगळायला अभियंत्याला सांगा. तो वगळला नाही तर स्वतःचंच बोलणं उशिरा कानात येतं आणि जीभ अडखळते.

सकाळी बोलावून सांगितलं, दुपारी ओळखपत्र घेतलं. शेवटचा शोही करू दिला नाही. आता काय?

निरोपाचा शो बहुतेक केंद्रं देत नाहीत. रागाच्या भरात कोणी काही बोललं तर धोक्यात येतो तो केंद्राचा परवाना. हे क्रूर वाटतं, आणि आहेच, पण ते तुमच्यापुरतं नाही.

त्या दिवशी कशावरही सही करू नका. कपातीचं कारण, शेवटचा दिवस, नोटीस, उरलेल्या रजेचे पैसे आणि भरपाईचा हिशेब लेखी मागा. भरपाईच्या कागदात अमुक महिने दुसऱ्या केंद्रावर काम करायचं नाही अशी अट आहे का ते पाहा. ज्याने स्वतः नोकरीवरून काढलं त्याने पुढची नोकरीही अडवावी, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. ही अट काढून किंवा मुदत कमी करून मागा, अनेकदा मिळते.

दुसरं, तुमचे शो. प्रसारण सतत टिपून ठेवणाऱ्या लॉगरवरची ध्वनिमुद्रणं ठरावीक मुदतीने पुसली जातात; ब्रिटनमध्ये केंद्रांनी ती ४२ दिवस ठेवायची असतात. एअरचेकसाठी, म्हणजे नवी नोकरी मागताना द्यायच्या शोच्या नमुन्यासाठी, लागणाऱ्या तारखा आणि वेळा लिहून पहिल्याच आठवड्यात मागणी करा. एअरचेक तीन मिनिटांचा हवा, गाणी कापलेली, आणि पहिल्या वीस सेकंदांत तुमची सर्वोत्तम लिंक. श्रोत्याशी फोनवरचं एक संभाषण त्यात असावंच. व्हॉइस ट्रॅकचा नमुना वेगळ्या फाइलमध्ये द्या.

श्रोत्यांच्या फोन नंबरांची यादी सोबत नेऊ नका. ती माहिती त्यांनी केंद्राला दिली होती. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी स्वतःच्या नावाचं समाजमाध्यमावरचं खातं केंद्राच्या ईमेलवर उघडलं असेल, तर ते आजच वैयक्तिक ईमेलवर घ्यावं.

पगाराऐवजी आता शिफ्टमागे पैसे देतो म्हणतात. दर किती मागायचा?

जुना पगार २०८० तासांनी भागू नका. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५२ आठवडे धरल्यावर तो आकडा येतो, आणि त्यात तुमच्या रजा, आजारपण, सण सगळं भरपगारी होतं. आता वर्षातले ४६ आठवडे आणि आठवड्याला २५ बिल करता येतील असे तास धरा : ११५०. जुन्या पगारात विमा, निवृत्तीची रक्कम, माईक-लॅपटॉपचा खर्च मिळवा आणि बेरजेला ११५० ने भागा. दर जुन्या तासाच्या जवळपास दुप्पट येईल. तो अवाजवी नाही. शिफ्ट सुरू व्हायला २४ तासांहून कमी उरले असताना ती रद्द झाली तर पूर्ण, आणि ७२ तासांहून कमी उरले असताना झाली तर अर्धे पैसे, हेही लिहून घ्या.

रेडिओवरचाच शो गाण्यांसह पॉडकास्ट म्हणून चालवू का?

गाण्यांसह नको. केंद्राचे हक्क प्रसारणापुरते होते. पॉडकास्ट उतरवून घेता येतो, त्यामुळे गीत-संगीत आणि मूळ ध्वनिमुद्रण या दोन्हींच्या मालकांची वेगळी परवानगी लागते. तीस सेकंदांपर्यंत चालतं हा समज खोटा आहे. बोलण्याचा भाग ठेवा आणि परवाना घेतलेलं संगीत वापरा.

मी एका छोट्या केंद्राचा कार्यक्रमप्रमुख आहे. दोनच आरजे ठेवता येतील. कोणते तास लाइव्ह ठेवू?

सकाळचे चार तास, दोघांनाही त्यातच, आठवड्यातून सहा दिवस, रजा आळीपाळीने. दोघांना दोन टोकांना टाकलं तर एकजण आजारी पडताच एक शो कोसळतो. संध्याकाळी घरी परतण्याच्या वेळेचे दोन तास त्यांच्यापैकी एकाने ट्रॅक करावेत, पण बातम्या आणि वाहतूक ताजी द्यावी. रात्र ऑटोमेशनवर गेली तरी चालेल, एका अटीवर.

१८ जानेवारी २००२ च्या पहाटे अमेरिकेतल्या मायनट शहराजवळ रेल्वेगाडी घसरून अमोनिया वायूचा ढग शहरावर आला. पोलिसांना रेडिओ केंद्रावर कोणी भेटेना. आणीबाणीची यंत्रणा नीट लावली होती की नाही यावर नंतर वाद झाले, पण लोक अंधारात रेडिओ लावून बसले आणि त्यांना हवी ती माहिती वेळेवर मिळाली नाही.

म्हणून रात्री प्रसारण दुरून ताब्यात घेऊ शकेल अशा दोघांची नावं ठरवा. फोनवरून लॉग थांबवून थेट बोलता येईल अशी जोडणी अभियंत्याकडून करून घ्या. त्यांचे नंबर पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णालयाला लेखी द्या, आणि महिन्यातून एकदा पहाटे तीन वाजता स्वतः त्या नंबरावर फोन करून पाहा. कोणीतरी नोकरी सोडली की यादी त्याच दिवशी बदला.