डोंगरावर धावणं आणि क्लाइंबिंग दोन्ही करताना सतत दुखापती होतात. एक सोडून द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तीन दिवस चढ-उतारावर धावता, दोन दिवस क्लाइंबिंग करता, आधी टाच धरली आणि आता बोट धरलंय. दोन्हींचा मेळ बसेल का, की एक सोडावं?

सोडू नका. "एक सोड" हा सल्ला मी मनापासून पाळला आणि त्यातच माझं बोट गेलं, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

माझीही सुरुवात टाचेपासूनच झाली. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं लंगडत टाकायची, जिना आडवं होऊन उतरायचा, आणि तासाभरात सगळं मोकळं झालं की पुन्हा चढावर पळायला जायचं. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी. फिजिओंनी चढ बंद करायला सांगितलं. ज्याच्याकडून मी दोराची पहिली गाठ शिकले तो माझा क्लाइंबिंगचा जोडीदार म्हणाला, "अगं, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. धावणं सोड आणि भिंतीवर ये."

मी गेले. दोन दिवसांचे चार दिवस झाले, वर फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची फळी. पाच आठवडे असं वाटत होतं की इतकी ताकद आपल्यात कधी नव्हतीच. सहाव्या आठवड्यात एका बारीक कडेवर क्रिम्प (बोटं दुमडून टोकांनी धरायची पकड) धरलेला असताना पाय निसटला आणि सगळा भार डाव्या हाताच्या अनामिकेवर आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. खाली बिले करत, म्हणजे माझा दोर सांभाळत, उभ्या असलेल्या जोडीदारालाही तो ऐकू गेला. बोटाच्या मुळाशी नुसतं दाबलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. सोनोग्राफीत ए-टू पुली अर्धवट फाटलेली निघाली. टेंडनला हाडालगत धरून ठेवणारा हा पट्टा क्रिम्पमध्ये सगळ्यात जास्त ताण खातो, आणि त्यातही अनामिकेचा.

तेव्हापासून तो म्हणतो, "बघ, दोन्ही करायला गेलीस म्हणून झालं." आजही म्हणतो. पण बोट गेलं तेव्हा मी पाच आठवड्यांत एकही चढ धावले नव्हते. मी एकच गोष्ट करत होते, दुप्पट! रिकाम्या झालेल्या दिवसांत जे कोंबलं, त्यानं घात केला. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, टेंडन आणि पुलीला महिने लागतात. त्यामुळे "आता ताकद आलीय" असं वाटतं तेव्हाच बोट सगळ्यात जास्त धोक्यात असतं.

बरं, टाच तरी बरी व्हावी? तीही नाही. क्लाइंबिंगचे घट्ट बूट काढले की टाचेच्या मागे रबराच्या कडेची लाल रेघ उठलेली असायची, बरोबर दुखऱ्या जागेवर. शिवाय स्लॅबवर, म्हणजे तिरक्या कातळावर, चवड्यावर उभं राहणं म्हणजे पोटरीचं आणि अकिलीसचंच काम. बोल्डरिंगमधल्या (दोराशिवाय कमी उंचीवर चढण्यातल्या) उड्या वेगळ्याच. पाय विश्रांती घेतायत हा निव्वळ माझा समज होता. तुमची टाच दुखत असेल तर आज बूट काढल्यावर मागची जागा आधी बघा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एक बंद पडलं तर दुसऱ्याचे दिवस वाढवायचे नाहीत. रिकामा दिवस रिकामाच ठेवायचा, कितीही जिवावर आलं तरी. दोन्हींचे जड व्यायाम आठवडाभर पसरवू नका, दोन्ही एकाच दिवशी उरका. आधी क्लाइंबिंग, कारण बोटं ताजी लागतात, आणि काही तासांनी धावणं. जड भारानंतरचे साधारण 24 ते 36 तास टेंडनमध्ये बांधणीपेक्षा मोडतोड जास्त चालते, म्हणून मध्ये खरोखरचा मोकळा दिवस लागतो. रोज थोडं थोडं करण्यात तो कधी मिळतच नाही.

अकिलीससाठी चढ चालत जा, टाच टेकवून. उतारावर भार मुख्यतः मांड्या आणि गुडघे घेतात, त्यामुळे गुडघे ठीक असतील तर सौम्य उतार तुलनेनं लवकर सुरू करता येतो. सोबत पायरीच्या कडेवर चवड्यानं उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम. आल्फ्रेडसन या संशोधकानं 1998 मध्ये 15 हौशी खेळाडूंवर केलेल्या अभ्यासातला हिशेब आजही वापरतात: गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन सेट, वाकवून तीन, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. कंटाळवाणं आहे, पण मला त्यानंच धावायला परत आणलं. मात्र दुखणं टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर पायरीच्या खाली टाच सोडू नका, सपाट जमिनीवरच करा.

किती दुखलं तर चालेल याची माझी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची आहे. कालपेक्षा पहिली पावलं जास्त आखडली, तर काल जास्त झालं. बोटाचंही तसंच. आधी मोकळ्या पकडीनं (बोटं न दुमडता) मोठे होल्ड, म्हणजे धरायच्या मोठ्या जागा, आणि क्रिम्प सगळ्यात शेवटी. मला क्रिम्पपर्यंत यायला पाच महिने लागले.

जोडीदाराला मी डोंगरी धावपटू आणि गिर्यारोहक किलियन जॉर्नेटचं उदाहरण देते. 2013 मध्ये तो आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर चढून-उतरून 2 तास 52 मिनिटांत परत आला. तिथं धावणं कुठं संपतं आणि चढाई कुठं सुरू होते, दाखव म्हणावं. तो म्हणतो, जॉर्नेटचं ते कामच आहे. हे मात्र मला मान्य आहे. नोकरी आणि झोप सांभाळून तुम्ही त्याच्या आठवड्याची नक्कल करू नका.

हे आधी लिहायला हवं होतं: मी डॉक्टर नाही. बोटातून आवाज आला असेल, किंवा वाकवताना टेंडन तळव्याच्या बाजूला उचलल्यासारखा दिसत असेल, तर माझं वेळापत्रक बाजूला ठेवा आणि सोनोग्राफी करा. पोटरीत मागून लाथ बसल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी दाखवा. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल तर धावणं लगेच थांबवा. आणि तुम्ही वय लिहिलेलं नाही. सोळा-सतराच्या आत असाल आणि बोटाचा मधला सांधा दुखत असेल, तर वरचं काहीही करू नका. त्या वयात हाडाच्या वाढीच्या जागेलाच इजा झालेली असू शकते. आधी एक्स-रे, आणि तोवर भिंतीवर जायचं नाही.