जुना ३८६ कॉम्प्युटर चालू होत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी. एकजण म्हणतो एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदला. बदलू का?

एसएमपीएस बदला असं ज्याने सांगितलं तो आमच्या दादाचाच कोणीतरी मित्र असणार. आधी कॅबिनेट उघडा आणि कीबोर्डची गोल पिन लागते त्याच्या आसपास मदरबोर्डवर घड्याळ आणि सेटअप जपणारी छोट्या पिंपासारखी बॅटरी दिसते का बघा, बहुतेक निळी असते. तिच्या टोकांना हिरवं-पांढरं काही फुललं असेल तर बाकी सगळं सोडा, दुखणं तिथेच आहे.

आमच्याकडे साताऱ्यात १९९२ साली बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून ३८६ घेतला होता, ४० एमबीची हार्ड डिस्क, पिवळट अक्षरांचा मॉनिटर, त्यावर लोटसमध्ये ते दुकानदारांचे हिशोब करायचे. १९९९ च्या मे मध्ये माझी अकरावी संपली होती आणि धूळ फार झाली म्हणून मी तो उघडून ब्रशने साफ केला, पी८ आणि पी९, म्हणजे एसएमपीएसमधून बोर्डाला येणारे दोन कनेक्टर, काढून परत लावले, काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी, एवढं मला तेव्हाही कळत होतं. त्यानंतर पाच दिवस मस्त चालला. सहाव्या दिवशी पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, साधा बीपही नाही. दादा तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता, त्याने झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला की हिने कनेक्टर उलटे लावले आणि बोर्ड जाळला. अरे उलटे लावले असते तर बटण दाबल्या दाबल्या खेळ संपला असता, पाच दिवस काय देवाच्या कृपेने चालला? पण त्याच्या गोष्टीत ते पाच दिवस कधी आलेच नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात मिक्सर बंद पडला तरी पहिला प्रश्न, "तू हात लावलास का गं?"

बाबा गेल्यावर २०१८ मध्ये माळा आवरताना तो सापडला, आईने चादरीत गुंडाळून ठेवलेला. उघडला तर बॅटरी पार फुटलेली आणि खालचं तांबं हिरवंगार. कापून काढली. तिच्यातून गळतं ते अल्कली असतं, म्हणून कानात घालायच्या कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावायचं, फसफसायचं थांबलं की डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि नीट वाळू द्यायचं. नंतर मल्टीमीटर घेऊन बोर्डावरची तांब्याची एकेक रेघ तपासत बसले. कीबोर्ड कंट्रोलरकडे, म्हणजे ८०४२ कडे जाणाऱ्या तीन रेघा खाल्ल्या गेल्या होत्या. लोकांना वाटतं कीबोर्डचाच चिप आहे, तो गेला तर फार तर टाइप होणार नाही. तसं नाही, प्रोसेसर रिसेट करण्याचं कामही त्याच्याकडे असतं आणि बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अगदी सुरुवातीलाच त्याला तपासतो, तिथून उत्तर आलं नाही की पुढे जातच नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळून बारीक वायर आणली, तुटलेल्या रेघांवर ती सोल्डर करून तीन टाके मारले आणि चालू केला. बीप! मेमरी मोजायला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हाताला धरून आणलं.

आणि खरा पुरावा तर बाबांच्या फाइलीत होता. १९९९ च्या मार्च-एप्रिलच्या प्रिंटवर तारीख छापलीये १-१-८०, बाबांनी पेनने खोडून खरी लिहिलेली. म्हणजे मी हात लावायच्या दोन महिने आधीपासून बॅटरी मेलेली होती, मशीन रोज सकाळी १९८० सालात जागं होत होतं. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर, "हो पण टाके तर मारावेच लागले ना, म्हणजे बोर्ड जळलाच होता." वहिनीने हसण्याची इमोजी टाकली, ती कोणाला ते कळलं नाही.

हां, तुमचा एसएमपीएस. पंखा फिरतो यावरून १२ व्होल्ट येतायत एवढंच कळतं, ५ चं काही कळत नाही. बोर्डाला जोडलेला असतानाच लाल-काळ्या वायरींवर मोजा, आणि पी८ च्या टोकाची पॉवर गुडची वायर, म्हणजे वीज ठीक आहे असं बोर्डाला सांगणारी, बहुतेक नारिंगी असते, तिच्यावरही साधारण ५ हवेत, नसतील तर बोर्ड रिसेटमध्येच अडकून राहतो. टेबलावर सुटा ठेवून मोजाल तर फसाल, जुने एसएमपीएस लोड नसेल तर बरेचदा उठतच नाहीत. दोन्ही बरोबर असतील तर बदलू नका, कोणी कितीही डिप्लोमा केलेला असो.

बॅटरी स्वच्छ निघाली तर मात्र माझी सगळी कथा तुमच्या कामाची नाही, मग सगळी रॅम काढून चालू करा, बीप आले तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत (स्पीकर जोडलाय ना ते बघा आधी). एसएमपीएसचा डबा उघडू नका, आतल्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. नवी बॅटरी बोर्डावर परत डकवू नका, वायर काढून लांब ठेवा. आणि हार्ड डिस्कवरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, सेटअप पुसला गेलेला असणार, डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे, हाताने भरावे लागतील.