हजेरी आणि हिशेब : धावणाऱ्या वाचकांचे प्रश्न

धावण्याच्या सवयीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बडोद्याच्या चार वाचकांची पत्रे या वेळी घेतली असून, नावे वगळून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ४७. रावपुऱ्यात राहतो, एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करतो. सहा वर्षे नियमित पळत होतो आणि दोनदा हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. फेब्रुवारीत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून पहाट त्यांची कूस बदलणे, अंग पुसणे आणि व्यायाम करवून घेणे यात जाते. आठ वाजता मदतनीस येतो आणि साडेनऊला मी कामावर निघतो. साडेचार महिन्यांत मोजून अकरा वेळा पळालो. न पळाल्याचे मनाला खाते आणि पळायला गेलो तर वडिलांना टाकून आल्यासारखे वाटते. एका मित्राने बारामतीच्या लता करे यांची गोष्ट पाठवली, ती वाचून तर अधिकच लाज वाटली. प्रेरणा कोठून आणावी? हिवाळ्यातल्या स्पर्धेत नाव घालावे का?

उत्तर : आपल्या पत्रातले ‘मोजून अकरा वेळा’ हे शब्द मी दोनदा वाचले. दिवसभर खतावणी लिहिणाऱ्या माणसाने पळण्याचीही खतावणी ठेवावी, यात नवल नाही. परंतु त्या वहीत चुकलेला प्रत्येक दिवस बाकी म्हणून पुढच्या पानावर ओढला जातो, आणि चार महिन्यांची बाकी एवढी फुगते की ती वही उघडण्याचेच धैर्य होत नाही. पळण्यात मागची बाकी फेडता येत नाही आणि कोणी ती मागतही नाही. घड्याळातले जुने आकडे सध्या बघू नका, किंवा घड्याळच घरी ठेवा.

लता करे यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र त्या नऊवारीत, अनवाणी धावल्या त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून. ती गरजेची, बरीचशी नाइलाजाची गोष्ट आहे. आजारी माणसाची रोज सेवा करणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या पाठीवर मारायला तिचा चाबूक करणे मला बरे वाटत नाही. मित्राचा हेतू चांगला असेल, तरीही.

प्रेरणा शोधण्यापेक्षा वेळ शोधावी, आणि ती आपल्याच पत्रात लिहिलेली आहे. आठ वाजता मदतनीस येतो. त्याने चप्पल काढली की आपण बूट घालायचे, सुरसागरच्या काठाने वीस मिनिटे चालत-पळत जाऊन परत यायचे आणि साडेआठला घरात असायचे. दर वेळी विचार करून ठरवायचे म्हटले की थकलेले मन ‘आज नको’ असेच सांगते. घरात रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला सवय बांधली की ठरवण्याचे कष्ट वाचतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. परंतु कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत तो अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नव्हता. आपण त्या एका दिवसाचीच सर्वांत जास्त धास्ती घेतो.

माझे आजोबा दांडिया बाजारात प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात जात. अंगात कणकण असली की ते जोर-बैठका काढत नसत. तेथवर चालत जात, मारुतीला नमस्कार करून परत येत, आणि आजीने विचारले की ‘हजेरी लागली’ एवढेच म्हणत. त्याचा उपयोग मला २०२४ च्या ऑगस्टअखेर कळला. विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर चढले, कमाटीबाग बुडाली, मगरी वस्त्यांत शिरल्या, आणि आमच्या तळमजल्यातला गाळ उपसण्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी बूट घालून गच्चीत दहा मिनिटे चालत असे. शेजारच्या गच्चीवर गाद्या वाळत घालणाऱ्या काकू माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती मला अजून आठवते. दम त्याने टिकला नाही, टिकणारही नव्हता. पण रस्ता मोकळा झाल्यावर बूट शोधावे लागले नाहीत.

शरीराचे म्हणाल, तर पळणे थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, त्यामुळे त्याच गतीला हृदयाचे ठोके वाढतात आणि आपण म्हातारे झालो असे वाटू लागते. हे भरून येते. अडचण अशी की दम आधी परततो, आणि पोटरीचे स्नायुबंध व नडगीचे हाड भार सोसायला मागाहून तयार होते. ‘आता जमतेय’ असे वाटून अंतर वाढवले की नेमक्या त्याच काळात नडगी किंवा टाच दुखू लागते. म्हणून पहिले सहा आठवडे दोन मिनिटे पळणे आणि एक मिनिट चालणे असे ठेवावे, आणि पळताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढीच गती असावी. पुढे एप्रिल-मे महिन्यांत आठची वेळ चालणार नाही, तेव्हा ती संध्याकाळवर न्यावी लागेल. या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन नको. फार वाटले, तर ५ किलोमीटरमध्ये नाव घाला.

वडिलांना टाकून आल्यासारखे वाटते, याला माझ्याकडे युक्ती नाही. परत आल्यावर सुरसागरवर काय दिसले ते त्यांना सांगत जा. त्यांना बोलता येत नसले तरी ऐकू येत असेल.

प्रश्न : वय ३९, मांजलपूर. तीन वर्षांपासून आठवड्यातून चार दिवस पळते. साडेपाचला निघून साडेसहाला परतते आणि मग मुलांचे दोन डबे करते. यजमान त्याच वेळी जवळच्या बागेत फिरायला जातात, परतल्यावर त्यांना चहा लागतो. गेल्या चार महिन्यांत त्याच गतीला धाप लागते, जिना चढताना धडधडते आणि पहाटे उठवत नाही. घरचे म्हणतात, हौस फिटली. मनाला शिस्त कशी लावावी?

उत्तर : मनाला शिस्त लावण्याआधी रक्त तपासून घ्यावे. तीन वर्षे पहाटे साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्या बाईला शिस्त शिकवण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही. त्याच गतीला धाप, जिन्यावर धडधड आणि झोपेने न जाणारा थकवा ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की पहिला संशय लोहाच्या कमतरतेचा घ्यावा. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी पडले की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावे लागते, आणि आपल्याला ते आळसासारखे भासते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, म्हणजे आपण अपवाद नव्हे, बहुसंख्येत असण्याची शक्यता अधिक आहे.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानतात. परंतु हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, आणि तो कळतो फेरिटिनच्या तपासणीतून. नेहमीच्या रक्ततपासणीत ती बहुधा नसते, म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगावे. थायरॉइडही त्याच वेळी बघून घ्यावे. मासिक पाळीत स्राव जास्त होत असेल तर तेही संकोच न करता सांगावे, कारण लोह जाण्याचा मोठा मार्ग तोच असतो. पळण्यामुळे होणारी घट त्या मानाने थोडी असते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. साठा भरून यायला काही महिने लागतात. अळिवाचे लाडू जरूर खा, मोडाच्या उसळीवर लिंबू पिळा, आणि सकाळच्या भाकरी-थेपल्याबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी अंगी लागते. मात्र साठा रिकामा झाला असेल तर एकट्या लाडवांनी तो भरणार नाही. अहवाल येईपर्यंत केवळ चालावे. आणि छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर अहवालाची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.

आता चहाविषयी. यजमानांना चहा करता येत नाही असे आपण कोठे लिहिलेले नाही, तेव्हा तो येत असावा असे मी धरून चालतो. ते आणि आपण एकाच वेळी बाहेर पडता आणि एकाच वेळी घरी येता. त्यांचे फिरणे आरोग्यासाठी आणि आपले पळणे हौसेसाठी, ही वाटणी कोणी केली? आठवड्यातले दोन दिवस डबे त्यांच्याकडे सोपवावेत. पहिल्या आठवड्यात मुलांना बटाट्याची भाजी चार वेळा मिळेल. त्याने कोणी आजारी पडत नाही.

प्रश्न : वय २४, फतेगंज. आजी म्हणते, पळून गुडघे झिजतील. खरे आहे का?

उत्तर : हौसेने पळणाऱ्यांपुरते तरी तसे दिसत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या एका आढाव्यात खुबा किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळली. याचा अर्थ पळण्याने गुडघे वाचतात असा लगेच काढू नये, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, असेही असू शकते. गुडघा सुजला, अडकला किंवा लंगडावे लागले तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. आजींना एवढेच विचारावे, की आपण नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळता, तेव्हा त्यांना या गुडघ्यांची आठवण का होत नाही? (त्या नऊ दिवसांत मात्र सकाळी पळू नका, गरबा पुरेसा असतो.)

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार. माझा एक मित्र आणि मी एकोणीस वर्षे पहाटे सव्वापाचला काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी भेटून कमाटीबागेत हळूहळू पळत असू. जो उशिरा येई त्याने चहाचे पैसे द्यायचे, असा करार होता. मार्चमध्ये तो झोपेतच गेला. तेव्हापासून मी बागेत पाऊल टाकलेले नाही. मुलगा म्हणतो, दुसरीकडे पळा. इच्छा होत नाही, आणि न पळाल्याने पाठ आखडली आहे. त्याचा घाम पुसायचा पंचा अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. तो त्याच्या घरी परत करावा का?

उत्तर : एकोणीस वर्षे आपण पळण्यासाठी उठत होता की काळ्या घोड्यापाशी कोणीतरी उभे असेल म्हणून उठत होता, हे आता वेगळे करून सांगता येणार नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटते की आपल्याला धावण्याची आवड आहे. सोबती गावाला गेला की पंधरा दिवसांत खरे कळते. तेव्हा इच्छा होत नाही याला मनाचा दुबळेपणा समजू नये.

मुलाचे म्हणणे मला अर्धे पटते. जागा तीच ठेवावी, वेळ बदलावी. सव्वापाचला त्या पुतळ्यापाशी उभे राहिलात तर नजर रस्त्याकडेच लागेल. साडेसहाला, दुसऱ्या फाटकाने जावे. त्या वेळी बाग वेगळीच असते; बँडस्टँडजवळ हास्यक्लबची मंडळी असतात, प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने मोर ओरडत असतात, आणि ‘आज एकटेच?’ असे विचारणारे ओळखीचे लोक निम्म्याहून कमी भेटतात. उरलेले विचारतील. पहिल्या दोन-तीन वेळा उत्तर देताना घसा दाटेल, म्हणून उत्तर आधीच घरी म्हणून बघावे. हे मी स्वतः केलेले आहे, हसू नये.

फौजासिंग यांचे नाव आपण ऐकले असेल. पत्नी आणि नंतर मुलगा गेल्यावर, उतारवयात ते पळू लागले, आणि २००० साली त्यांनी लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते ८९ वर्षांचे होते. जन्माचा दाखला नसल्याने त्यांच्या काही विक्रमांची नोंद झाली नाही. जुलै २०२५ मध्ये पंजाबातल्या आपल्या गावाजवळ वाहनाची धडक बसून ते गेले. दुःख ओसरले म्हणून ते पळू लागले नव्हते, एवढ्यासाठीच त्यांचे नाव घेतले. मॅरेथॉन आपल्याला सांगत नाही.

चार महिन्यांचा खंड आणि ६८ वय, म्हणून आधी रक्तदाब व हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. पहिले तीन आठवडे नुसते चालावे. पाठ आखडली आहे ती बहुतेक बसून राहिल्याने. चालण्याने सुटेल, पण पायात मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात बागेतल्या फरशांवर शेवाळे असते, तेथून पळू नये.

पंचा परत करावा. धुऊन, घडी घालून न्यावा, आणि संध्याकाळी जावे, म्हणजे चहापर्यंत बसता येईल. तो सकाळी घराबाहेर काय बोलत असे, कशावरून हसत असे, चहाचे पैसे देताना कशी खळखळ करत असे, हे त्याच्या घरच्यांनी कधी पाहिलेले नाही. ते त्यांना आपल्याकडूनच कळेल.