माइक पुढे दिलास ते बरं केलंस

प्रिय पोरी,

रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या, म्हणजे उभं राहून देवाचे आभार मानायच्या वेळी माइक रांगेतून फिरत तुझ्यापर्यंत आला आणि तू तो न बोलता शेजारणीच्या हातात दिलास. मी मागच्या बाकावरून पाहत होतो. मग तुझं पत्र आलं. ‘काका, सगळे आभार मानतात तेव्हा मला खोटं बोलायला उभं केल्यासारखं वाटतं,’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. खोटं बोलली नाहीस ते बरं केलंस.

चौदा महिने तू बाबांची पक्षाघातानं गेलेली वाचा परत यावी म्हणून प्रार्थना करते आहेस. धीर धर, देवाची वेळ असते, हे मी लिहिणार नाही. ते तुला आतापर्यंत पन्नास जणांनी ऐकवलं असेल आणि तू ते मानतेसही. तुझा घोळ वेगळा आहे. बाबा बोलायला लागले असं समजून आत्ताच आभार मान, म्हणजे विश्वास दिसेल आणि विश्वास दिसला की उत्तर येईल, असं तुला कुणीतरी पटवलं आहे. हा व्यवहार मला चांगला माहीत आहे. नऊ वर्षं मी तोच करत होतो.

माझं एकच म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकतो. जे मिळालंय त्याचे आभार मान, आणि नाव घेऊन मान. जे मिळालेलं नाही ते माग. ही दोन कामं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नकोस.

तू प्रेषित पौलाचं वचन लिहिलं आहेस, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ नीट वाच. ‘स्थितीत’ म्हटलंय, ‘स्थितीबद्दल’ नाही. आता तू लगेच इफिसकरांस पत्र उघडशील आणि पाचव्या अध्यायातलं विसावं वचन माझ्यापुढे धरशील, तिथे तर सगळ्याच गोष्टींबद्दल आभार माना असं आहे. ठाऊक आहे मला. चाळीस वर्षं ते वचन माझ्या गळ्यात अडकलेलं आहे. पण पक्षाघाताबद्दल देवाचे आभार मान असं मी तुला सांगू शकत नाही, आणि ज्यांना ते सहज सांगता येतं त्यांच्याशी मला फार बोलावंसं वाटत नाही.

त्यापेक्षा पौल स्वतः काय करतो ते बघ. फिलिप्पैकरांना तो तुरुंगातून लिहितो. कशाचीही चिंता करू नका, आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा, हे त्याच पत्रात आहे. पुढे चारच ओळी गेल्यावर तो कशाबद्दल बोलतो? एपफ्रदीताच्या हाती आलेल्या देणगीबद्दल. कुणी पाठवली, कुणाच्या हाती आली, सगळं नावानिशी. सुटकेचे आगाऊ आभार त्या पत्रात कुठेही नाहीत.

दानीएलाचंही तेच. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागितलं तर सिंहांच्या गुहेत, असा हुकूम निघाला. सही झाल्याचं कळूनही हा घरी गेला, यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या होत्या तिथे दिवसातून तीनदा गुडघे टेकले, प्रार्थना केली, आभार मानले. ‘पूर्वीप्रमाणे’, असं तिथे लिहिलंय. माझा सगळा जीव त्या एका शब्दावर आहे. सिंहांची तोंडं बंद झाल्याबद्दल त्यानं आधीच आभार मानले असते, तर ते ‘पूर्वीप्रमाणे’ झालं नसतं. संकट आलं म्हणून त्यानं आभाराचा नवा प्रयोग सुरू केला नाही, रोजचं होतं तेच चालू ठेवलं.

लाजराच्या कबरेपाशी, त्याला मेलेल्यातून उठवायच्या आधीच, प्रभूनं आभार मानले ना, असं मला पुष्कळदा तोंडावर विचारलं गेलंय. मानले. पण काय म्हणून? ‘तू माझं ऐकलंस’ म्हणून. ऐकलं गेलं, हे त्या क्षणीही खरं होतं. आणि त्याच अध्यायात, धोंड बाजूला करायच्या आधी, तो रडला. दोन्ही एकाच दुपारी. रडणं आवरून मगच आभार मानायचे असा नियम तुला कुठे सापडला तर मला दाखव.

माझी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हे पत्र म्हणजे नुसतं प्रवचन होईल.

माझा धाकटा भाऊ घराच्या वाटणीवरून बोलायचा थांबला. चूक त्याची होती, हे मी आजही म्हणेन. मी चार पत्रं पाठवली, त्याच्या दारापर्यंत दोनदा गेलो. असो. मी प्रार्थनेची वही घातली. डाव्या रकान्यात विनंती, उजव्यात उत्तर. रोज पहाटे त्याचं नाव लिहायचो आणि समेट झालाच आहे असं धरून प्रभूचे आभार मानायचो, मोठ्यानं, हात वर करून. उजवा रकाना कोरा. महिनाअखेर झाली की आवाज आणखी चढायचा. साक्ष द्यायच्या सभांना मी जाईनासा झालो, कारण तिथे बोलतात ती उत्तर मिळालेली माणसं. त्याबद्दल मला कुणी नावं ठेवली, पण त्यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या नऊ वर्षांत आई माझ्याकडेच होती. पहाटे मी प्रार्थनेला बसलो की ती भिंतीला धरत धरत यायची, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची आणि मी संपवेपर्यंत हलायची नाही. मध्येच डोळा लागला तर चष्मा मांडीवर पडायचा, तो उचलून परत घालायची. ती गेल्यावर काही महिन्यांनी मी त्या वह्या चाळल्या. भावाचं नाव पानोपानी. आईचा उल्लेख एकाच प्रकारे: ‘आईच्या गुडघेदुखीसाठी.’ शेजारी येऊन बसते म्हणून, ती अजून आहे म्हणून, नऊ वर्षांत एक ओळ नाही. जे नव्हतं त्याचे आभार मी घसा ताणून मानत होतो, आणि जे होतं ते शेजारच्या खुर्चीत चष्मा सावरत होतं.

म्हणून मी या एका मुद्द्यावर हट्टी आहे. मला कृतघ्न म्हणू नकोस. प्रार्थना मी एक दिवसही चुकवली नव्हती.

आता तुझ्या पत्राकडे येतो. शेवटून तिसरी ओळ, तू जाता जाता लिहिलेली: ‘आता मी खोलीत आले की बाबा फक्त बोटानं पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक करतात.’

‘फक्त’?

अगं, पावलं ओळखतात ते. तुझी आणि दुसऱ्या कुणाची यात फरक करतात. हाताचं एक बोट चालतं आहे आणि ते बोट तुझ्यासाठी राखलं आहे. याचे आभार मानलेस का? याच शब्दांत, ‘प्रभू, आज संध्याकाळी बाबांनी दोनदा टकटक केलं’ असं? ‘आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल, सगळ्या आशीर्वादांबद्दल’ हे नको. ते ऐकताना आपल्यालाच झोप येते. बोट, पलंगाची कड, दोनदा. नाव घे.

आणि मग माग. वाचा माग, रडून माग, भांडून माग. तेराव्या स्तोत्रात सुरुवातीलाच चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय, आणि सहाव्या वचनात तोच माणूस गातो आहे. त्यासाठी त्यानं तक्रार खोडलेली नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आभाराची एक ओळ नाही, तरी ते शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. असा दिवस तुझ्यावर आला तर तेवढंच वाच आणि झोप. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट.

संत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची गोष्ट तुला सांगितली असेलच. मुलगा रोमला जाऊ नये म्हणून ती किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळात रात्रभर रडत राहिली, आणि 383 मध्ये तो तिला फसवून जहाजानं निघून गेला. पुढे 387 च्या ईस्टरला इटलीतच, मिलानमध्ये, त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जे नको म्हणून ती रडली, त्याच वाटेनं तिचं मूळ मागणं, मुलगा ख्रिस्ती व्हावा हे, पुरं झालं. गोष्ट खरी आहे, पण सांत्वन म्हणून ती मला आवडत नाही. शेवट ठाऊक असलेल्यांनी शेवट ठाऊक नसलेल्यांना सांगायची ती गोष्ट आहे. मला त्या रात्रीची मोनिका हवी, सकाळी किनारा रिकामा दिसला तेव्हाची.

त्यापेक्षा देवाकडे मूल मागणारी हन्ना घे. याजक एलीला वाटलं ती प्यायली आहे, इतकी ती ओठ हलवत रडत होती. तिथून ती उठली, जेवली, आणि तिचं तोंड उतरलेलं राहिलं नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता. मागणं पोचवून झालं होतं, एवढंच काय ते हातात होतं.

आणि गेथशेमाने, प्रभूला पकडलं ती बाग, विसरू नकोस. ज्या रात्री प्रभूनं भाकर घेऊन आभार मानले, त्याच रात्री त्यानं दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा विनंती केली. प्याला टळला नाही. म्हणून त्या भाकरीवरचे आभार खोटे ठरत नाहीत. भाकर हातात होती. आपण प्रभुभोजनाला बसतो तेव्हा त्याच रात्रीच्या मेजाशी बसतो, हे मला फार उशिरा उमगलं.

वही घालायची असेल तर घाल, पण उत्तराचा रकाना आखू नकोस. तारीख घाल आणि त्या दिवशीची एक गोष्ट लिही, जिला हात लावून दाखवता येईल अशी. नाहीच सापडली तर तसं लिही. खोटी लिहू नकोस, प्रभूपुढे तर मुळीच नको.

भावाचं काय, असं तू विचारशील. आईच्या अंत्यविधीला आला होता, मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गेला. अजून मागतो आहे मी. तो आला होता, हे मात्र त्या रात्री वहीत लिहिलं.

रविवारी माइक परत तुझ्याकडे येईल. बोलावंसं वाटलं नाही तर माझ्याकडे दे. मीही तो बसूनच घेणार आहे. हल्ली गुडघा फार धरतो, उभं राहवत नाही.

तुझा,
काका