औषधाला दाद न देणारा विषाणू दुबळा असतो का?

प्रश्न : भावाच्या एचआयव्ही रेझिस्टन्स टेस्टमध्ये 'एम१८४व्ही' हे म्युटेशन (जनुकातला बदल) निघालं. लॅमिव्हुडिन लागू पडणार नाही असं रिपोर्टात आहे, तरी नव्या गोळीत तेच औषध ठेवलंय. काही चुकलं तर नाही ना?

उत्तर : नाही, ते मुद्दाम ठेवलं आहे. विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरात (एन्झाइममध्ये) १८४व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असतं. जनुकातलं एकच अक्षर बदललं, एटीजीचं जीटीजी झालं, की तिथे व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. ते लॅमिव्हुडिनला नीट बसू देत नाही आणि औषधाचा जोर शंभरपटीहून जास्त घटतो. पण ही जागा विकराच्या ऐन कामाच्या खोबणीत आहे, त्यामुळे त्याचं स्वतःचं कामही बिघडतं. आरएनएवरून डीएनए उतरवताना ते मध्येच सुटतं. ज्या पेशीत डीएनएचा कच्चा माल कमी, तिथे जास्तच. विषाणूची वाढ मंदावते, शिवाय टेनोफोव्हिर आणि झिडोव्हुडिन या एचआयव्हीच्या इतर औषधांपुढे तो आणखी नरमतो. लॅमिव्हुडिन चालू असेपर्यंत त्याला हे लंगडं रूप टाकता येत नाही. मुख्य भार मात्र जोडीच्या औषधांवर असतो. भावाची गोळी डोल्युटेग्राव्हिर ५०, टेनोफोव्हिर ३०० आणि लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅमची असेल, तर रोज एक, न चुकता.

प्रश्न : माझ्या गोळ्या तीन महिने बंद होत्या. नंतरच्या टेस्टमध्ये रेझिस्टन्स नाही असं आलं. म्हणजे म्युटेशन गेलं का?

उत्तर : तसं कृपया धरून चालू नका. औषधाचा दाब उठला की मूळचा सशक्त विषाणू पुढे निघतो आणि काही आठवड्यांत-महिन्यांत एम१८४व्ही रक्तात मागे पडतं. नेहमीच्या टेस्टला साधारण २० टक्क्यांहून कमी हिस्सा असलेला विषाणू सहसा दिसत नाही. सुप्त सीडी४ पेशींच्या (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) डीएनएत तो वर्षानुवर्षं राहतो आणि लॅमिव्हुडिन सुरू झालं की वर येऊ शकतो. म्हणून टेस्टसाठी रक्त औषध चालू असतानाच द्यायचं, फार तर बंद केल्यापासून चार आठवड्यांच्या आत. व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमधलं विषाणूचं प्रमाण) १,०००च्या वर असला तर निकाल भरवशाचा येतो. जुने सगळे रिपोर्ट एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात) दाखवा. तिथे एकदा नोंदलेलं म्युटेशन कायमचं धरलं जातं. एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीचं दुसरं औषध निकामी करणारं के१०३एन म्युटेशन मात्र विषाणूला फारसं जड जात नाही, म्हणून ते औषध थांबवल्यावरही बराच काळ टेस्टमध्ये दिसत राहतं.

प्रश्न : मग असे विषाणू फारसे पसरत नसतील?

उत्तर : फ्लूच्या बाबतीत हाच अंदाज फसला. ओसेल्टामिव्हिर या फ्लूच्या औषधाला दाद न देणारं एच२७५वाय म्युटेशन विषाणूला दुबळं करतं, कारण पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचणारं न्यूरामिनिडेज हे विषाणूचं विकर त्यामुळे घटतं. पण हंगामी एच१एन१ या फ्लूच्या विषाणूमध्ये आधीच दुसरे बदल झाले होते, त्यांनी ही तूट भरून काढली. २००७-०८च्या हिवाळ्यात नॉर्वेसह युरोपात औषधाला दाद न देणारा विषाणू दिसू लागला, आणि पुढच्या हंगामात अनेक देशांतला हंगामी एच१एन१ जवळजवळ सगळा तसाच होता, औषध क्वचितच वापरलं जाई तिथेसुद्धा.