उंची असली की झालं का? नेटबॉल शूटरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, जमैकाची रोमेल्डा एकन-जॉर्ज २००८ ला ऑस्ट्रेलियात खेळायला गेली आणि १५ वर्षांनंतरही तिकडेच गोल टाकत होती. उंची १९६ सेंटीमीटर. एवढी उंची असल्यावर अवघड काय आहे त्यात?

उत्तर: अगं, उंचीवर कॉन्ट्रॅक्ट मिळतं गं, पुढचं सगळं घाम गाळून. रिंग ३.०५ मीटरवर, म्हणजे बास्केटबॉलइतकीच, पण मागे बोर्डच नाही, त्यामुळे बॉल आपटून आत घालायची सोय नाही. हातात बॉल आला की ३ सेकंदांत सोडायचा, समोर डिफेंडर ०.९ मीटरवर हात उंचावून उभी. आणि उंच मुलीला वरून पास टाकता येतो हे खरं, पण तो येईपर्यंत मागच्या डिफेंडरला अंगाने अडवून जागा धरून ठेवायची, जरा ढकललं की पेनल्टी, वर उडी मारून बॉल घेतला की खाली येऊन जागच्या जागी थांबायचं, हे मॅचभर चालू. गुडघे बोलायला लागतात ते इथेच. पळणं मात्र कमी, कारण गोल शूटरला फक्त आपल्या गोलकडच्या एक तृतीयांश कोर्टातच फिरायची परवानगी.

रोमेल्डाचे शॉट चुकायचे, बऱ्यापैकी चुकायचे, पण रिबाउंड तीच उचलायची आणि परत टाकायची! मला विचारशील तर तिची खरी कमाई ती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड फायरबर्ड्स टीमकडून लीगची २०११, २०१५, २०१६ अशी ३ टायटल्स. २०१६ ची फायनल तर एक्स्ट्रा टाइम संपूनही सुटेना, शेवटी ६९-६७. मग बाळ झालं, आणि त्यानंतर ॲडलेड थंडरबर्ड्सकडून २०२३ ला परत चॅम्पियन.

प्रश्न: पण २०२० ला ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सुपर शॉट आला ना, लांबून टाकला की एकाऐवजी २ गोल? मग रिंगखाली उभ्या राहणाऱ्या शूटरला कोण विचारणार?

उत्तर: तेव्हा हीच बोंब होती. प्रत्येक क्वार्टरची शेवटची ५ मिनिटं, ३ ते ४.९ मीटरच्या पट्ट्यातून. पण जमैकाचीच जनील फाउलर बघ, त्याच लीगमधल्या वेस्ट कोस्ट फीव्हर टीमची, ती रिंगखालीच उभी राहून एकेक गोल टाकत राहिली, आणि २०१८ ते २०२२ सलग ५ वर्षं लीगची सर्वोत्तम खेळाडू तीच. लांबचा शॉट चुकू शकतो, तिच्या हातात गेलेला बॉल सहसा चुकत नाही, कोचला हिशोब कळतो की.

प्रश्न: दुसऱ्या देशात खेळायला गेलं की पुढे त्याच देशाकडून पण खेळता येतं का?

उत्तर: आयरीन व्हॅन डाइक खेळली की. दक्षिण आफ्रिकेकडून ७२ टेस्ट (म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅच), २००० ला न्यूझीलंडला गेली आणि तिकडून १४५. २००३ ला वर्ल्ड चॅम्पियन, २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थचं गोल्ड, ऑस्ट्रेलियाला ६६-६४ हरवून, ती पण डबल एक्स्ट्रा टाइमवालीच मॅच. आंतरराष्ट्रीय नेटबॉल सोडलं २०१४ मध्ये, तेव्हा चाळिशी उलटून गेली होती बाईंची.